मिसिसिपीचा संघ

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात एके काळी गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा निरनिराळ्या असत. तेथील मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मोठा तरबेज होता. १९५९, १९६१ व १९६२ या वर्षी त्याने आपल्या विभागाचे अजिंक्यपद मिळविले. परंतु राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंशी गाठ पडेल, म्हणून तिन्ही वेळा त्याला घरीच बसावे लागले. आश्चर्य हे, की असा कायदा कोठेही लिहिलेला नव्हता. ती केवळ रूढी होती.

१९६३ मध्ये संघ पुन्हा विजयी झाला. या खेपेस विद्यापीठाचे प्रमुख डीन कोलवर्ड यांनी त्याला स्पर्धेस पाठविण्याचे ठरविले. विरोधकांनी न्यायालयातून मनाईहुकूम मिळविला. तो हाती पडण्यापूर्वीच कोलवर्ड आणि प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याची सीमा ओलांडून गेले. मागोमाग खेळाडूही विमानाने निघाले.

१५ मार्च रोजी मिशिगन राज्यात शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी त्यांचा सामना झाला. लोयोलाच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चार कृष्णवर्णीय होते. प्रारंभी जो डॅन गोल्ड व जेरी हार्कनेस या कर्णधारांनी हस्तांदोलन केले, तोच छायाचित्रकारांच्या दिव्यांचा लखलखाट झाला. लोयोलाने सामना ६१-५१ असा जिंकला.

२०११ मध्ये गोल्ड निवर्तले, तेव्हा हार्कनेस अंत्यविधीस गेले. शवपेटीजवळ त्याच हस्तांदोलनाचे छायाचित्र ठेवलेले होते.