घरातले लहान कुत्रे

कुत्रा आपल्याला नवा नाही. खंडोबापाशी कुत्रा आहे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत. धनगराचा कुत्रा रात्रभर मेंढरे राखतो. पण या कुत्र्यांची जागा अंगणात नाहीतर रानात. घरात, ओटीवर, मुलांच्या अंथरुणाशी राहणारे लहान कुत्रे हे जरा निराळे. आता खेड्यातही अशी कुत्री दिसू लागली आहेत. त्यांची माहिती करून घेऊ.

हे कुत्रे कोणते?

शहरात पामेरियन नावाची लहान, केसाळ कुत्री पाळतात. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी पोमेरेनिया नावाचा मुलूख आहे. त्यावरून हे नाव पडले. अशा कुत्र्याचा गावठी कुत्रीशी संकर झाला, की मिश्र जातीची पिल्ले होतात. एका वेतातली पिल्लेसुद्धा सारखी नसतात. एक केसाळ, तर दुसरे आखूड केसांचे. एकाचे कान ताठ, तर दुसऱ्याचे लोंबते. मोठेपणी कोणते केवढे होईल, हे पिल्लू पाहून नक्की सांगता येत नाही. म्हणून 'अस्सल जातीचे आहे' असे सांगून कोणी भरमसाट पैसे मागितले, तर फसू नका. मिश्र जातीत काही उणेपणा नाही. माया तितकीच, राखण तितकीच.

पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. आईजवळ ते अंगावर पिते. भावंडांशी खेळताना किती जोराने चावायचे, हेही तिथेच शिकते.

स्वभाव

हे कुत्रे चलाख असते. पाऊल वाजले की भुंकते. त्याला माणसाची सोबत लागते. दिवसभर साखळीला बांधून ठेवले, तर ते चिडके होते. मारून ते शिकत नाही, भिते. आणि भ्यालेले कुत्रे चावते. सांगितलेले ऐकले, की भाकरीचा तुकडा द्यावा, पाठीवर हात फिरवावा. त्याने ते लवकर शिकते.

लहान कुत्री बहुधा १२ ते १५ वर्षे जगतात. आज पहिलीत असलेला मुलगा कॉलेजात जाईल, तोवर ते घरात असणार. हा विचार आणण्यापूर्वीच करावा.

खाणे आणि निगा

भाकरी, भात, वरण, उकडलेले अंडे, थोडे मटण हे त्याला चालते. तिखटमीठ नको. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे आहे. शिजलेल्या कोंबडीची हाडे देऊ नका. त्यांच्या टोकदार काड्या होतात आणि आतड्यात रुततात. पिल्लाला थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. मोठ्याला दोन वेळा पुरे. स्वच्छ पाणी मात्र सदा हवे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करते. म्हणून चैत्र-वैशाखात त्याला पत्र्याच्या खोलीत कोंडू नका. केसाळ कुत्र्याचे केस रोज विंचरा. कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. गोचिडापासून ताप येतो. पण त्यावर शेतातले फवारणीचे औषध लावू नका. कुत्रे ते चाटते आणि मरते. माणसाच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नका. गुरांच्या दवाखान्यात न्या. जंताचे औषधही डॉक्टरांना विचारूनच द्या. पिल्ले नको असतील, तर नसबंदी करून घ्या. पिल्ले रस्त्यावर सोडणे हे पाप आहे.

लहान दात, मोठा धोका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'एवढेसे पिल्लू, खेळता खेळता दात लागला, त्यात काय?' असे लोक म्हणतात. इथेच घात होतो. कुत्रे पिसाळते ते रेबीज नावाच्या रोगाने. तो पिल्लालाही होतो. त्याचे विषाणू लाळेत असतात. दात लागला, ओरखडा निघाला, किंवा कुत्र्याने जखम चाटली, तरी ते अंगात शिरतात. कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी रोग उठतो. माणूस पाण्याला भितो. एकदा लक्षणे दिसली, की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पण आधी लस घेतली, तर रोग टळतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ साली कुत्रे चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली. मुलगा वाचला.

मग कुत्रे चावल्यावर काय करायचे? जखम वाहत्या पाण्याखाली, साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, मिरची, तेल काही भरायचे नाही. गंडादोरा करत वेळ घालवायचा नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, म्हणून लोक भीत. आता तसे नाही. थोड्याच सुया, त्याही दंडात. पण डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखा पाळायच्या. एक चुकवली, तर जोखीम राहते.

मुलांनाही सांगून ठेवा. कुत्रे खात असताना, झोपले असताना, त्याला छेडू नये. आणि दात लागला, तर मार बसेल या भीतीने लपवू नये. मूल सांगायला आले, की त्याला आधी जवळ घ्या. रागवायचे ते मागाहून.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की त्याला रेबीजची लस टोचून घ्या. पुढची लस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दर वर्षी.

आता तुम्हाला लिहिता येते. वहीचे एक पान काढा. त्यावर कुत्र्याचे नाव लिहा. लस टोचल्याची तारीख लिहा. त्याखाली पुढच्या वर्षीची तारीख लिहा. ते पान घरात सर्वांना दिसेल असे भिंतीवर लावा.