मोटारगाडीतील तारसंच

मोटारगाडीच्या बॉनेटखाली बॅटरी, अल्टरनेटर, स्टार्टर, दिवे, भोंगा व संवेदक यांना परस्परांशी जोडणाऱ्या, ठरावीक मार्गाने नेऊन एकत्र बांधलेल्या विद्युत् तारांच्या जुडग्याला तारसंच म्हणतात. व्यवहारात तो ‘वायरिंग हार्नेस’ या नावाने ओळखला जातो. उष्णता, कंप, पाणी व तेल यांचा उपद्रव गाडीच्या याच भागात सर्वाधिक असल्याने येथील तारांची मांडणी व संरक्षण यांना विशेष महत्त्व आहे.

तत्त्व : बहुतेक मोटारगाड्यांत १२ व्होल्टची व अवजड वाहनांत २४ व्होल्टची विद्युत् व्यवस्था असते. बॅटरीचे ऋण अग्र धातूच्या सांगाड्याला जोडलेले असल्याने परतीच्या प्रवाहासाठी निराळी तार लागत नाही. त्यामुळे तांब्याची बचत होते. परंतु धन बाजूच्या तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकताच मंडल संक्षिप्त होते. १२ व्होल्टचा धक्का माणसाला सहसा जाणवत नाही, म्हणून हा धोका क्षुल्लक मानला जातो. वस्तुतः बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. तार तापून तिचे आवरण वितळते आणि जवळच्या तेलाला वा इंधनाला आग लागू शकते.

वितळतार (फ्यूज) : वितळतारेचे मुख्य कार्य उपकरणाचे नव्हे, तर तारेचे रक्षण करणे हे होय. म्हणून ती बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवितात. तिच्या अलीकडील तारेला संरक्षण मिळत नाही. तारेला सोसेल त्याहून अधिक प्रवाहाची वितळतार बसविल्यास प्रत्यक्षात तारच आधी वितळते. स्टार्टरला फार मोठा प्रवाह लागत असल्याने त्याच्या जाड तारेला बहुधा वितळतार नसते. साहजिकच तिचा मार्ग व आवरण यांबाबत सर्वाधिक दक्षता घ्यावी लागते.

तारेची निवड : १ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०१७ ओहम असतो. अशा ५ मी. तारेतून १० अँपिअर प्रवाह गेल्यास सु. ०·८६ व्होल्ट दाब तारेतच खर्ची पडतो व दिवे मंद होतात. म्हणून लांबी व प्रवाह पाहून छेद ठरवितात. कंपामुळे तुटू नये म्हणून तार एकसंध न घेता अनेक बारीक पदरांची घेतात. साध्या पॉलिव्हिनिल क्लोराइडाच्या आवरणापेक्षा जालबद्ध पॉलिएथिलिनाचे आवरण अधिक उष्णता सोसते. ते १२५° से. पर्यंत वापरता येते.

मांडणी व संरक्षण : तारा निष्कास नळीपासून, पंख्यापासून व पट्ट्यांपासून दूर नेतात, ते शक्य नसल्यास उष्णतारोधक बाही चढवितात. इतरत्र प्लॅस्टिकची पन्हळी नळी वापरतात. पत्र्याच्या छिद्रातून तार नेताना रबरी ग्रॉमेट बसवितात, कारण पत्र्याची धारदार कड कालांतराने आवरण कापते. एंजिन रबरी आधारांवर हालत असते, म्हणून ते व सांगाडा यांमधील तारांना पुरेसा झोळ देतात. जोडाच्या खाली तारेला वळण दिल्यास पाणी जोडात न शिरता खाली ठिबकते. उभ्या गाडीत उंदीर आवरणे कुरतडतात. यासाठी तिखट द्रव्य मिसळलेली चिकटपट्टीही गुंडाळतात.

मूळ तार सोलून जादा दिवे वा भोंगा जोडणे हे दोषांचे एक नेहमीचे कारण आहे. अशा उपकरणासाठी बॅटरीकडून स्वतंत्र वितळतार व रिले घेणे श्रेयस्कर. दुरुस्तीपूर्वी बॅटरीचे ऋण अग्र प्रथम सोडवितात व शेवटी जोडतात. म्हणजे धन अग्रावरील पाना सांगाड्याला लागला तरी मंडल पूर्ण होत नाही. विद्युत् गाड्यांतील उच्च दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्यांतील दाब प्राणघातक असल्याने त्या प्रशिक्षित तंत्रज्ञानेच हाताळाव्यात.