आईकडून बाळाला एच.आय.व्ही. : टाळता येणारा संसर्ग

दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, शाळांच्या फलकांवर एच.आय.व्ही. पसरण्याची चार कारणे लिहिली जातात : असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुया आणि बाधित आईकडून बाळाला. मुले ती पाठही करतात. पहिल्या तीन कारणांपुढे काय काळजी घ्यावी हे लिहिलेले असते. चौथ्यापुढे मात्र बहुधा काहीच नसते. त्यामुळे मुलांचा, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ मोठ्यांचाही, असा समज होतो की आई बाधित असेल तर बाळाचे भवितव्य ठरलेलेच. हा समज चुकीचा आहे. चौथ्या कारणापुढे काय लिहावे, ते आम्ही या लेखात सांगणार आहोत.

प्रथम आकडे पाहू. कोणताही उपाय केला नाही, तर बाधित मातांच्या १०० बाळांपैकी साधारण १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. म्हणजे उपाय नसतानाही निम्म्याहून अधिक बाळे सुटतात. उपचार वेळेवर आणि नियमित झाले, तर आई अंगावर पाजत असली तरी हे प्रमाण १०० मध्ये ५ च्या खाली आणता येते. हे उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. तरीही एखादे बाळ बाधित होते, तेव्हा औषध नव्हते असे सहसा नसते. तपासणी उशिरा झालेली असते, किंवा मधेच कुठेतरी साखळी तुटलेली असते.

संसर्ग होतो कसा?

पोटात असताना आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधे वार असते. ती अन्न आणि प्राणवायू पलीकडे देते आणि बरेचसे जंतू अडवते. म्हणून गरोदरपणात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण त्या मानाने कमी असते. सर्वांत जोखमीची वेळ प्रसूतीची. कळांच्या वेळी वारेतून आईचे थोडे रक्त बाळाकडे जाऊ शकते, शिवाय बाहेर येताना बाळाचा आईच्या रक्ताशी व स्रावांशी संबंध येतो. तिसरी वाट अंगावरच्या दुधाची, कारण दुधातही विषाणू असतो.

या तिन्ही वाटांवर एकच गोष्ट निर्णायक ठरते. ती म्हणजे आईच्या रक्तात विषाणू किती आहेत. औषधांनी ते अगदी कमी झाले की तिन्ही वाटा जवळजवळ बंद होतात. औषध मुख्यतः आईला द्यायचे असते, ते यासाठीच.

एका गोळीपासून नियमित उपचारापर्यंत

भारतात एच.आय.व्ही. प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळला. त्यानंतर कित्येक वर्षे बाधित गरोदर स्त्रीला देण्यासारखे डॉक्टरांकडे काही नव्हते. १९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्समधील अभ्यासातून दिसले की झिडोवुडीन या औषधाने बाळाला होणारा संसर्ग दोन-तृतीयांशाने कमी होतो. पण तो उपचार महाग आणि लांबलचक होता. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने सोपा मार्ग दाखवला : कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस. आपल्या देशात २००२ पासून हाच उपाय सरकारी कार्यक्रमात आला.

ही एक गोळी मोलाची होती, पण अपुरी होती. पुढे महिनोन्महिने चालणाऱ्या स्तनपानाच्या काळात तिचे संरक्षण पुरत नसे. या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालयात, तसेच इथिओपिया आणि युगांडात, अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे रोज नेव्हिरापिन देऊन पाहण्यात आले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांच्या वयाला या बाळांमधील संसर्ग एकच डोस मिळालेल्या बाळांच्या जवळजवळ निम्मा होता.

१ जानेवारी २०१४ पासून भारताने आणखी पुढचे पाऊल टाकले. तेव्हापासून प्रत्येक बाधित गरोदर वा स्तनदा मातेला, तिची प्रकृती वरकरणी कितीही चांगली असली तरी, तीन औषधांचा उपचार लगेच सुरू करतात आणि तो जन्मभर चालू ठेवतात. पूर्वीची एक गोळी फक्त बाळाचा विचार करत होती. आताचा उपचार आईलाही जगवतो, आणि बाळाला बाधा न होण्याइतकीच त्याला आई असण्याचीही गरज असते.

तपासणी कधी?

दिवस राहिल्याचे कळले की लवकरात लवकर, पहिल्या तीन महिन्यांत. हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तगट पाहतात, तेव्हाच ही तपासणी करून घ्यावी. वडोदऱ्यात सयाजी हॉस्पिटलमध्ये तपासणी, समुपदेशन आणि उपचार या तिन्हींची सोय आहे. खाजगी डॉक्टरांकडे नाव घातले असेल तर त्यांना आपण होऊन विचारावे. तपासणीपूर्वी संमती घेणे आणि निकाल गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

उपचार लवकर सुरू झाला, तर प्रसूतीपर्यंत विषाणू कमी व्हायला पुरेसा अवधी मिळतो. ते कमी झाले की नाही, हे ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान रक्त तपासून पाहतात. प्रसूती रुग्णालयातच व्हावी. केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून पोट फाडून प्रसूती करण्याची गरज नसते.

आपल्या घरांतले तीन प्रसंग

औषधाची साखळी कुठे तुटते? आपल्या समाजाच्या चालीरीतींत तीन ठिकाणे आम्हाला दिसतात. त्या चालींत वाईट काही नाही, फक्त थोडे सावध राहायला हवे.

पहिला प्रसंग माहेरपणाचा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. नागरवाड्यातल्या कितीतरी सुना पुणे, सांगली किंवा जळगावला जातात आणि तिकडच्या लेकी इकडे येतात. म्हणजे नेमक्या जोखमीच्या वेळी गाव बदलते, डॉक्टर बदलतात. कार्यक्रम देशभर एकच आहे, म्हणून औषध कुठल्याही राज्यात मोफत मिळते. मात्र निघण्यापूर्वी उपचार केंद्रात तसे सांगून तिकडच्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी घ्यावी, पुरेशा गोळ्या बरोबर ठेवाव्यात आणि ममता कार्ड विसरू नये. एक दिवसही गोळी चुकू नये. माहेरी कुणालाच काही माहीत नसेल, तर गोळ्या लपवाव्या लागतात आणि मग त्या चुकतात. म्हणून निदान एका विश्वासू माणसाला तरी ठाऊक असलेले बरे.

दुसरा प्रसंग गुटीचा. जन्मल्या जन्मल्या मधाचे बोट, मग गुटी, उकळलेले पाणी, कुणी सांगितले म्हणून वरचे दूध. पहिले सहा महिने यातले काहीही नको. फक्त आईचे दूध द्यावे. हा नियम सर्वच बाळांसाठी आहे, पण इथे त्याला अधिक महत्त्व आहे. दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरात झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की आईच्या दुधाबरोबर वरचे काही दिलेल्या बाळांत संसर्ग जास्त होता आणि निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांत कमी. वरच्या खाण्यापिण्याने आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते, असे त्याचे कारण सांगतात. चुकून गुटी दिली गेलीच, तर घाबरून दूध तोडू नये. आईची औषधे चालू ठेवावीत आणि डॉक्टरांना सांगावे.

तिसरा प्रसंग सव्वा महिन्याचा. बाळाला जन्मानंतर लगेच औषध सुरू करतात आणि ते किमान सहा आठवडे देतात. आईचा उपचार उशिरा सुरू झाला असेल, तर डॉक्टर ते अधिक काळ देतात. सहा आठवडे झाले की बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी होते, आणि इतर संसर्ग टाळण्यासाठी दुसरे एक औषध सुरू होते. बाळंतीण सव्वा महिन्याची होऊन घराबाहेर पडते, तेव्हाच ही तारीख येते. तेव्हा देवदर्शन आणि तपासणी एकाच आठवड्यात येतात, असे लक्षात ठेवावे. ही तपासणी पुढेही ठरलेल्या वेळी करतात. अखेरचा निकाल अठराव्या महिन्यात, किंवा अंगावरचे दूध त्यानंतर सुटले तर ते सुटल्यावर मिळतो. नेहमीची तपासणी त्याआधी उपयोगी पडत नाही, कारण तोवर बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असतात आणि निरोगी बाळही बाधित भासू शकते.

दोष कुणाचा?

शेवटी सर्वांत अवघड मुद्दा. गरोदरपणात तपासणी सुनेची होते, म्हणून घरात आजार तिनेच आणला असे ठरवून लोक मोकळे होतात. १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांचा पुण्यातील अभ्यास प्रसिद्ध झाला. गुप्तरोगांच्या दवाखान्यात आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी शेकडा सुमारे १४ जणींना एच.आय.व्ही.ची बाधा होती. त्यांतील बहुतेक विवाहित होत्या आणि पतीखेरीज कुणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. म्हणून नवऱ्यानेही बायकोबरोबर तपासणीला जावे. तो बाधित निघाला आणि ती निरोगी असली, तर काळजी घेऊन तिला वाचवता येते. गरोदरपणात किंवा दूध पाजण्याच्या दिवसांत तिला नव्याने बाधा झाली, तर बाळाला धोका फार वाढतो. म्हणून अशा घरात तिची तपासणी पुन्हा करावी लागते.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार नोकरी, रुग्णालय आणि शाळा यांपैकी कुठेही बाधित व्यक्तीशी भेदभाव करता येत नाही. एका बाकावर बसल्याने, एका डब्यात जेवल्याने किंवा एकत्र खेळल्याने हा आजार पसरत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते मुलांसाठी आणि मुलींसाठीही. त्यांच्या या गावात कुठलेही मूल आईच्या आजारापायी किंवा स्वतःच्या आजारापायी बाकावरून उठवले जाऊ नये, अशी आमची पालकांना विनंती आहे. लोक काय म्हणतील या भीतीनेच तपासणी लांबते आणि गोळ्या लपवल्या जातात, आणि त्याची किंमत बाळ देते.

अधिक माहितीसाठी १०९७ हा दूरध्वनी क्रमांक देशभर मोफत आहे. नाव सांगावे लागत नाही.

आता फलकावरच्या चौथ्या कारणापुढे मुलांनी हे लिहावे : "दिवस राहताच तपासणी, आईला रोज औषध, बाळाला जन्मापासून औषध, सहा महिने फक्त आईचे दूध, आणि अठरा महिन्यांपर्यंत पाठपुरावा." ओळ जरा लांब आहे, पण फलकावर मावते.