मुलाची बुद्ध्यांक चाचणी शिकाऊ ताई घेतात तेव्हा

मूल चौथीत गेलं तरी वाचत नाही, शाळा म्हणते रुग्णालयात दाखवून आणा. मानसोपचार विभागात डॉक्टर थोडक्यात तपासतात आणि पुढच्या खोलीत पाठवतात. तिथे कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी तासभर प्रश्न विचारते, ठोकळे मांडायला लावते, लिहून घेते. वस्तीतल्या आया आम्हाला विचारतात, "आमच्या पोरावर शिकून घेतात का?"

एका अर्थी होय, पण त्यात फसवणूक नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नुसती पुस्तकं वाचून तयार होत नाही. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर एम.फिल.ची दोन वर्षं पूर्णवेळ, वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करावं लागतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही या देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. शिकाऊ ताईंनी चाचणी घ्यायची, अहवाल लिहायचा आणि वरिष्ठांनी तो तपासून सही करायची, अशी ही पद्धत.

म्हणून अहवाल हातात आला की सही कोणाची ते बघा, आणि भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. हा उद्धटपणा नव्हे. पाटी लावून बसलेल्या खासगी काउन्सेलरलाही हेच विचारावं.

आता चाचणीबद्दल. आपल्याकडे अजून वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडकडच्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. तेव्हाच्या मुलांचं जग आणि आपल्या गल्लीतलं जग एक नाही. त्यात मूल उपाशी असेल, घाबरलेलं असेल, ताईंची पुस्तकी मराठी त्याला कळत नसेल, तर आकडा खाली येतो. सत्तरच्या खालचा आकडा बौद्धिक अक्षमतेकडे बोट दाखवतो. मुलाला खरंच अक्षमता असेल तर प्रमाणपत्र हा त्याचा हक्क आहे, ते लाजून टाळू नये. पण नसताना लागलेला शिक्का पोराला शाळेतून उठवतो.

यावर उपाय त्याच प्रशिक्षणात आहे. नुसत्या आकड्यावर निर्णय द्यायचा नाही, मूल रोजच्या जगण्यात काय करतं तेही विचारायचं, असं शिकाऊंना शिकवतात. त्यासाठीची सामाजिक परिपक्वतेची प्रश्नावली नागपूरच्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवली. तिची उत्तरं आई देते. आणि इथेच आपल्या आया कमी बोलतात. पोरगा नळावर नंबर लावतो, दुकानातून सामान आणून सुट्टे पैसे बरोबर देतो, धाकटीला सांभाळतो, हे सगळं सांगा. वर्गात जातीवरून चिडवतात, मागच्या बाकावर बसवतात, म्हणून तो गप्प झाला असेल, तर तेही सांगा. चाचणीच्या पुस्तिकेत जातीचा रकाना नसतो. तुम्ही बोलला नाहीत तर ताई "लक्ष देत नाही" एवढंच लिहितील.

उत्तर पटलं नाही तर वरिष्ठांना भेटायचं आहे, असं स्पष्ट म्हणा. तब्येत बरी नसताना चाचणी झाली असेल तर पुन्हा घ्यायला सांगा.

आम्हाला आणखी एक वाटतं. त्या खुर्चीत आपल्या वस्तीतली मुलगी बसली तर नळावरचा नंबर म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागणार नाही. पण दोन वर्षं पूर्णवेळ म्हणजे नोकरी करता येत नाही. काही संस्थांत विद्यावेतन मिळतं, काही ठिकाणी उलट मोठी फी भरावी लागते. सरकारी संस्थांत राखीव जागा असतात, आधी तिथेच अर्ज करावा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.फिल. बंद होत असून अभ्यासक्रमांची नावं बदलत आहेत, तेव्हा प्रवेश घेण्याआधी पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे का ते तपासा.

चाचणीच्या दिवशी मुलाला पोटभर खाऊ घालून न्या. चष्मा असेल तर सोबत ठेवा, शाळेच्या वह्या आणि जुने कागदही घ्या. अहवालाची प्रत मागून घेतल्याशिवाय परत येऊ नका.