पोटखराब्यातला आघाडा

नरकचतुर्दशीच्या पहाटे, तेल-उटणे लागून पहिले दोन तांबे अंगावर पडल्यानंतर, स्नानाच्या मध्येच आघाड्याची व टाकळ्याची डहाळी अंगाभोवती फिरवावी, असा जो विधी पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी, म्हणजे लोकांच्या परिचयाच्या बाबा पाध्ये यांनी, 1790 च्या सुमारास रचलेल्या आपल्या ‘धर्मसिंधु’त नोंदवून ठेवला आहे, तो शहरांतील न्हाणीघरांतून आता बहुधा लोपला असला, तरी आघाड्याचे कुळाचारातील वतन त्यामुळे खालसा झालेले नाही. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या कागदाला दूर्वा-आघाड्याची माळ लागते. मंगळागौर व हरितालिका यांच्या पत्रीत त्याची जुडी हवी. गणपतीच्या 21 पत्रींत त्याचे स्थान ठरलेले. ऋषिपंचमीला त्याच्याच काडीने दात घासावयाचे. आणि वास्तुशांतीच्या वेळी नवग्रहांचा होम निघाला की बुधाची समिधा म्हणून भटजी आघाडाच मागतात. वर्षभर एवढे मानपान ज्याच्या वाट्याला येतात, तो आघाडा मात्र आजवर कोणी मुद्दाम पेरल्याचे ऐकिवात नाही. जमाबंदीच्या दप्तरात ज्या जमिनीला पोटखराबा म्हणतात, जिच्यावर सारा बसत नाही आणि जिच्याविषयी भाऊबंदांत सहसा तंटाही होत नाही, तेथे, बांधाच्या उतरणीवर, पडक्या वाड्याच्या चौथऱ्यावर, रस्त्याच्या कडेच्या मुरुमात आणि तालुका कचेरीच्या मागल्या भिंतीशीही, तो पहिल्या पावसासरशी आपण होऊन उगवतो.

भाद्रपदात त्याच्यापाशी क्षणभर बसून पाहावे. गुडघ्याएवढे किंवा कंबरेएवढे झाड, खोडावर उभ्या कंगोऱ्यांच्या रेषा, पेरे किंचित फुगलेले व लालसर, पाने समोरासमोर आणि मऊ लव असलेली. शेंड्यातून निघणारा तुरा प्रथम आखूड व दाट असतो, पुढे लांबत लांबत हातभरही होतो. या तुऱ्यावर वरच्या बाजूला उमलणारी फुले आडवी, मोकळी असतात. परंतु फळ धरले की प्रत्येक फूल खाली वळते, दांड्याला चिकटते आणि आपली अणकुची जमिनीकडे रोखून राहते. म्हणूनच तुऱ्यावरून हात वरून खाली फिरविला तर काही वाटत नाही, आणि खालून वर नेला की बोटे खरचटतात. रानातून परतलेल्या माणसाच्या धोतराच्या सोग्याला, मेंढीच्या लोकरीला आणि धनगराच्या घोंगडीला जे बारीक काटेरी दाणे चिकटून येतात ते हेच. अशा माणसा-जनावरांच्या पाठीवर बसून आघाडा उष्ण कटिबंधातील जवळजवळ सर्व देशांत पोहोचला आहे. प्रत्यक्पुष्पी, अधःशल्य, खरमंजरी अशी जी नावे निघंटूंतून आढळतात, ती देणाऱ्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले होते हे उघड आहे. लिनीयसने 1753 साली त्याला आकिरँथस आस्पेरा असे नाव दिले, तेव्हा त्याच्याही नजरेत त्याचा खरखरीतपणाच भरला. कूळ राजगिऱ्याचे व माठाचे. आणि म्हणून कोवळ्या पाल्याची भाजी पावसाळ्याच्या आरंभी काही घरांतून होते, त्यात आश्चर्य मानण्यासारखे काही नाही.

वेदवाङ्मयात त्याची प्रतिष्ठा फार मोठी आहे, इतकी की त्या मानाने आजचा त्याचा संसार दरिद्री वाटावा. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील तीन सलग सूक्ते अपामार्गाला, म्हणजे आघाड्याला, उद्देशून आहेत. करणी, दुःस्वप्न, भूक, तहान आणि अनपत्यता ही सारी संकटे त्याने पुसून टाकावीत अशी तेथे प्रार्थना आहे. शतपथ ब्राह्मणात राजसूय यज्ञाच्या विधींमध्ये अपामार्गाच्या तांदुळांचा होम सांगितला आहे. हे तांदूळ म्हणजे त्याचे सोललेले बी. ते हातावर चोळून फुंकले म्हणजे खरोखरच बारीक कण्यांसारखे दिसते. पुढे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच या तांदुळांवरून ‘अपामार्गतण्डुलीय’ असे पडले. त्या अध्यायाच्या आरंभी नाकावाटे मस्तकातील दोष काढणाऱ्या द्रव्यांची जी यादी येते, तिच्या अग्रभागी अपामार्गाचे बी आहे, आणि अन्यत्र चरकाने शिरोविरेचनाच्या द्रव्यांत तेच श्रेष्ठ ठरविले आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस नाना रोगांवरील यवागू, म्हणजे पेजा, सांगत असता आघाड्याचे बी दुधात आणि घोरपडीच्या मांसरसात शिजवून घेतले असता भूक नाहीशी होते, असेही सांगितले आहे. खेड्यांतून बैराग्यांच्या संबंधाने भूक मारणाऱ्या आघाड्याच्या खिरीची जी आख्यायिका ऐकू येते, ती अशा रीतीने चरकापर्यंत जाऊन पोहोचते. या बियांत सॅपोनिन नावाची, साबणासारखा फेस देणारी द्रव्ये पुष्कळ असतात हे आता ठाऊक झाले आहे, आणि ती पोटात गेल्यावर अन्नावरील वासना उडणे अशक्य नाही. तथापि अशी वासना उडविणारे बी हा दररोजच्या आहारात घ्यावा असा पदार्थ नव्हे, हे सांगण्याची वेळ अलीकडे पुन्हा आली आहे, कारण वजन उतरविण्याच्या छंदापायी लोक कोणतीही पूड विकत घेतात.

परंतु आघाड्याची खरी सनद त्याच्या राखेत आहे. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात क्षार तयार करण्याचा जो विधी दिला आहे, तो वाचताना आपण प्रयोगशाळेचे टिपण वाचीत आहोत असा भास होतो. शरदऋतूत, निरोगी आणि ऐन भरातले झाड निवडावे. त्याचे तुकडे करून वारा नसलेल्या जागी रचावेत. वर चुनखडी ठेवून तिळाच्या काटक्यांनी पेटवावे. राख निवाली की ती चुन्यापासून निराळी काढून सहापट पाण्यात किंवा गोमूत्रात कालवावी आणि 21 वेळा गाळावी. मग मोठ्या कढईत पळीने हलवीत आटवावी, आणि ती स्वच्छ, तांबूस व बुळबुळीत झाली की भाजून लाल केलेली चुनखडी व शिंपले तीत घालून लोखंडी भांड्यात तोंड बांधून ठेवावी. मुख्य झाड तेथे मुष्कक असले, तरी ज्या झाडांपासून हाच विधी करता येतो त्यांत अपामार्गाची गणना आहे. राखेतील सौम्य क्षाराला चुना घालून दाहक करण्याची ही युक्ती रसायनशास्त्राला पूर्णपणे मान्य आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाच्या आपल्या इतिहासाच्या 1902 साली निघालेल्या पहिल्या खंडात तिचा गौरवाने परामर्श घेतला आहे. सुश्रुत एवढ्यावर थांबत नाही. मूळव्याधीच्या मोडावर क्षार लावून शंभर आकडे मोजीपर्यंत थांबावे, जागा पिकल्या जांभळासारखी दिसू लागली म्हणजे काम झाले असे समजावे आणि मग कांजीसारख्या आंबट द्रवाने धुवावे, असे तो सांगतो; आणि आंबटाने तीक्ष्णता का शमते याविषयी शिष्याने घेतलेल्या शंकेचे निरसनही करतो.

माझ्या लहानपणी आमच्या आत्याबाई पौष महिन्यात हाच खार एका साध्या रीतीने काढीत. वाळलेली झाडे मुळासकट उपटून, माती झटकून, परसात लोखंडी घमेल्यात जाळावयाची. पांढुरकी राख वस्त्रगाळ करून मातीच्या घागरीत पाण्यात कालवावयाची आणि रात्रभर हलवावयाची नाही. सकाळी वरचे निवळ पाणी, त्याला चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा रंग असे, पदराच्या चौपदरी घडीतून लोखंडी कढईत गाळून मंद आचेवर ठेवीत. दुपार उलटेपर्यंत कढईच्या कडांना करडी-पांढरी खपली धरू लागे, ती त्या उलथण्याने खरवडून मध्ये लोटीत. अगदी शेवटी ती तडतडून उडे, म्हणून मुलांना ओटीवर पिटाळीत. झाडांच्या दोन-तीन भाऱ्यांतून हाती येई तो खार एका लहान बाटलीत मावे, आणि बाटलीचे बूच मेणाने बंद केले नाही तर पहिल्या पावसातच त्याचे पाणी होई. हा सारा पोटॅश क्षारांचा स्वभाव आहे. खोकल्यात कफ घट्ट झाला असता गुंजभर खार मधातून चाटवीत. पोटातील वातावर ताकातून देत. उरलेल्या राखेने तांब्या-पितळेची भांडी घाशीत. हा खार घालून सिद्ध केलेले तेल कानात घालण्याचाही प्रघात होता, आणि ग्रंथांना तो संमत आहे. परंतु कानाचा पडदा फुटला आहे की नाही हे पाहिल्याखेरीज कानात कोणताच क्षार घालू नये, हे मत मला अधिक ग्राह्य वाटते.

क्षाराची ही परंपरा कोणत्या मार्गाने आधुनिक रुग्णालयात शिरली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. अकराव्या शतकातील वंगदेशीय वैद्य चक्रपाणिदत्त यांनी निवडुंगाच्या चिकात व हळदीत भिजविलेला दोरा भगंदरावर सांगून ठेवला होता. पुष्कळ काळ तो ग्रंथातच राहिला. 1960 नंतरच्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पद्धत नक्की केली. शस्त्रक्रियेत वापरावयाचा ताणलेला लिननचा दोरा घ्यावयाचा; त्यावर 21 लेप, त्यांतले 11 नुसत्या चिकाचे, पुढील 7 चीक व आघाड्याचा खार यांचे, आणि शेवटचे 3 चीक व हळद यांचे; प्रत्येक लेप वाळल्यावरच दुसरा. असा दोरा भगंदराच्या नाळेतून ओवून बांधला म्हणजे तो आतील सडका भाग हळूहळू कापतो आणि मागून जखम भरत येते. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधून ओढून घ्यावा लागतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या विद्यमाने अनेक केंद्रांत पाचशेवर रोग्यांवर झालेल्या तुलनेचा वृत्तांत 1991 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेने जखम सुमारे चार आठवड्यांत भरली, दोऱ्याने आठ आठवडे लागले; मात्र वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा 11 आणि दोऱ्यानंतर शेकडा 4 आढळले. वनौषधींच्या बाजूने आवेशाने बोलणारे पुष्कळ असतात. इतकी स्वच्छ कैफियत त्यांतील फार थोड्यांना सादर करता येईल.

आणि ती येथे का सादर करता आली, याचा विचार केला पाहिजे. क्षाराच्या बाबतीत लेप किती, गाळणे किती, थांबावयाचे किती हे सारे मोजून ठेवलेले होते, म्हणून एकाने केलेले दुसऱ्याला करून पाहता आले. आघाड्याच्या नावावर चढलेल्या इतर गुणांची स्थिती तशी नाही. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व बसू यांच्या 1918 सालच्या मोठ्या ग्रंथात, डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधीसंग्रहा’त किंवा त्यापूर्वी मुंबईत डायमॉक प्रभृतींनी सिद्ध केलेल्या संग्रहात पाहिले, तर जलोदरापासून त्वग्रोगापर्यंत नाना व्याधींवर आघाडा सांगितलेला सापडतो, आणि वाचकाला वाटू लागते की या झाडाला नकार देण्याची सवयच नाही. दातांसाठी त्याच्या मुळाची किंवा काडीची कुंचली ठीक आहे. तुरट-तिखट चवीने लाळ सुटते आणि हिरड्यांना चोळ बसते, यापलीकडे चमत्कार शोधण्याचे कारण नाही.

विंचवाचे मात्र निराळे. आघाड्याचे मूळ उगाळून दंशावर लावावे, किंवा नुसते रोग्याला दाखवावे म्हणजे वेदना उतरते, ही समजूत कोकणापासून वऱ्हाडापर्यंत आहे. काळ्या विंचवाची वेदना बहुधा आपण होऊनच ओसरते, आणि श्रेय मुळाला जाते. परंतु कोकणातला तांबडा विंचू हृदयावर आघात करतो. 1980 नंतरच्या दशकात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत तेथे कितीतरी मुले या दंशाने दगावत असत. अशा मुलाच्या आईने मूळ शोधण्यात घालविलेला एक तासही परत मिळत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर आघाडा देणाऱ्यांविषयी तर सौम्य शब्द वापरण्याची माझी तयारी नाही. प्रसूती सुलभ व्हावी म्हणून मूळ कमरेला बांधण्याची चाल निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल; पण त्याच मुळाचा गर्भ पाडण्याकडे जो गुप्त उपयोग होत आला, त्याने जंतुदोष होऊन स्त्रिया प्राणास मुकल्या आहेत, आणि गर्भवतीने हे झाड औषध म्हणून पोटात घेऊ नये हे सर्वच जाणते वैद्य सांगतात.

रसायनज्ञांनी 1970 च्या सुमारास आघाड्याच्या मुळांत एक्डिस्टेरोन नावाचे द्रव्य शोधून काढले, जे कीटकांच्या अंगी कात टाकण्याची प्रेरणा उत्पन्न करते. पाने कुरतडणाऱ्या अळीची वाढ अवेळी घडवून आणण्याची ही झाडाची योजना असावी. माणसाला त्याचा काय उपयोग, हा विषय अजून बाजाराच्या हाती अधिक आणि वैद्याच्या हाती कमी आहे.

इकडे रस्त्याच्या कडेची वहिवाट मात्र पालटत चालली आहे. 1956 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते आता आघाड्याच्या जागी हक्क सांगून बसले आहे. उरलेल्या पट्टीवर तणनाशक फवारतात किंवा डांबराची कड वाढते. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी दादरच्या बाजारात पत्रीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायकांना आघाड्यासाठी पूर्वीपेक्षा लांब जावे लागते, आणि कधी कधी जुडीत आघाडा म्हणून दुसराच एखादा तुरा बांधलेला असतो. घेणाऱ्याने पान उलटून लव आणि तुऱ्यावरून बोट खालून वर फिरवून खरखर पाहावी. पूजेला हिरवे झाड लागते, ते श्रावण-भाद्रपदातले. खारासाठी मात्र तुरे पूर्ण वाळून दाणे झडू लागेपर्यंत थांबावे, हमरस्त्यालगतचे झाड धूर व शिसे यांमुळे टाळावे, आणि पौष-माघात एखाद्या दूरच्या बांधावरचे, मुळासकट, ढेकूळ झाडून आणावे.