पानफुटी

पानफुटी : (घायमारी, हिं. पत्थरचट्टा, जख्म-ए-हयात, बं. पाथरकुची; क. काडुबसळे, सं. पर्णबीज, लॅ. कलांचो पिनॅटा, ब्रायोफायलम पिनॅटम, कुल–क्रॅसुलेसी). सुट्या पानाच्या कडेवर नवी रोपे फुटणारी ही मांसल, बहुवर्षायू व काटक ओषधी शोभेसाठी आणि घरगुती औषधासाठी भारतात सर्वत्र लावलेली आढळते. महाराष्ट्रात तिच्याशी बहुतेकांचा परिचय होतो तो दोन प्रकारे : शालेय जीवशास्त्रातील शाकीय प्रजोत्पादनाचे उदाहरण म्हणून आणि मुतखड्यावरचा उपाय म्हणून. पहिल्याला भक्कम शास्त्रीय आधार आहे. दुसऱ्याला तसा तो अद्याप मिळालेला नाही. या वनस्पतीची जोपासना, तिचे उपयोग आणि तिच्यापासून संभवणारे अपाय ही तिन्ही तिच्या पानाच्या रचनेतून व कार्यातून समजतात.

मूलस्थान व प्रसार : पानफुटी मूळची मादागास्करची. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात आली आणि तेथून बागाबागांतून देशभर पसरली. त्यामुळे प्राचीन आयुर्वेदीय संहितांत तिचे वर्णन नाही. ‘पर्णबीज’ हे संस्कृत नाव नंतरचे आहे. लामार्क यांनी १७८६ मध्ये तिचे वर्णन ‘कॉटिलेडॉन पिनॅटा’ या नावाने केले. १८०५ मध्ये सॉल्झबरी यांनी कलकत्त्याहून मिळालेल्या वनस्पतीवरून ‘ब्रायोफायलम’ ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘फुटणारे पान’ असा होतो. अलीकडे ही प्रजाती ‘कलांचो’ या मोठ्या प्रजातीत समाविष्ट करतात. उष्ण कटिबंधातील अनेक प्रदेशांत पानफुटी बागेबाहेर निसटून रानटी झाली आहे. गालापागस व हवाई या बेटांवर तर ती स्थानिक वनस्पतींना हटवणारी उपद्रवी वनस्पती मानली जाते.

वर्णन : उंची सु. ०·५–१·५ मी.; खोड सरळ, पोकळ, जुनेपणी तळाशी काष्ठमय. पाने समोरासमोर, जाड व रसाळ. खालची साधी, वरची बहुधा ३–५ दलांची व पिसासारखी संयुक्त. दलाची लांबी सु. ५–२० सेंमी., कडा बोथट दात्यांची व बहुधा जांभळट असते. दोन दात्यांमधील प्रत्येक खाचेत एक सूक्ष्म सुप्त कळी असते. फुले हिवाळ्यात, साधारणतः डिसेंबर ते मार्चपर्यंत, खोडाच्या टोकाशी शाखायुक्त फुलोऱ्यात येतात. ती लोंबती व कंदिलासारखी दिसतात. संवर्त फुगीर, कागदासारखा, हिरवट-जांभळा; त्यातून लालसर, नळीसारखा व चार पाकळ्यांचा पुष्पमुकुट बाहेर डोकावतो. केसरदले ८, किंजदले ४. फळे चार पेटिकांची, सुकलेल्या संवर्तात वेढलेली. बिया असंख्य व अतिसूक्ष्म. दीर्घ दिवसांनंतर लहान दिवस आल्यावरच कळ्या धरत असल्याने उन्हाळा व पावसाळा वाढीत घालवून झाड थंडीत फुलते. रात्री सतत विजेच्या दिव्याच्या उजेडात असणाऱ्या कुंडीला बहर न येण्याचे कारण बहुधा हेच असते.

पानावरील रोपे : पान झाडावर असेतो खाचांमधील कळ्या बहुधा सुप्त राहतात, पान तुटले अथवा फार दुखावले, की झाडाच्या वाढत्या टोकाचा त्यांच्यावरील निरोध संपतो आणि एक ते दोन आठवड्यांत मुळे व इवलीशी पाने फुटतात. ‘सहस्रजननी’ प्रकारच्या काही इतर कलांचो जातींत अशी रोपे झाडावरील पानांनाच येतात. पानफुटीत ती मुख्यतः सुट्या पानाला येतात, हा ओळखण्याजोगा फरक आहे. नवी रोपे प्रारंभी जुन्या पानातील पाणी व अन्न यांवरच पोसली जातात. जाक लब या शरीरक्रियावैज्ञानिकांनी या वनस्पतीवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि फुटणाऱ्या रोपांचे वस्तुमान मूळ पानाच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते, असे दाखविले. त्यांचा पुनर्जननावरील ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शंभर वर्षे आधी जर्मन कवी गटे यांना या पानाने मोहिनी घातली होती. ते पानफुटी वाढवीत आणि तिची रोपे स्नेह्यांना भेट देत.

अम्लतेतील दैनिक बदल : पानफुटीला वनस्पतिविज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळाले, ते भारतात झालेल्या एका साध्या निरीक्षणामुळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रासकडे असलेले वनस्पतिवैज्ञानिक बेंजामिन हाइन यांना असे आढळले, की या वनस्पतीचे पान पहाटे चुक्यासारखे आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडवट लागते. हे निरीक्षण लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. बहुतेक वनस्पती दिवसा त्वग्रंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात व त्याबरोबर पुष्कळ पाणी गमावतात. पानफुटी मात्र त्वग्रंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना, उघडते. आत आलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक अम्लाच्या रूपाने कोशिकांतील रिक्तिकांत साठतो. दिवसा त्वग्रंध्रे मिटलेली असताना या अम्लापासून तो पुन्हा मुक्त होतो आणि सूर्यप्रकाशात त्याची शर्करा बनते. म्हणून पहाटे अम्ल अधिक, सायंकाळी कमी. या प्रक्रियेला या कुलावरूनच ‘क्रॅसुलेसीय अम्ल-चयापचय’ असे नाव पडले. निवडुंग, अननस, घायपात इत्यादींतही ती आढळते. पहाटे व सायंकाळी तोडलेल्या पानांचा रस निळ्या लिटमस कागदावर टाकून हा फरक शाळेतही दाखविता येतो; त्यासाठी पान चाखण्याची गरज नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील लागवड : पाणी जपण्याच्या या रीतीमुळे पानफुटी वऱ्हाडातील कोरड्या हवेत तग धरते. तथापि तिला कोरड्या हवेपेक्षा साचलेले पाणी अधिक मारक ठरते, आणि बुलढाणा जिल्ह्यात मुख्य अडचण हीच आहे. जिल्ह्याचे ढोबळ मानाने दोन भाग पडतात : अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार इ. ‘घाटावरचे’ तालुके आणि पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर इ. ‘घाटाखालचे’ तालुके. पाऊस सरासरी सु. ७०–८० सेंमी. असला, तरी त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कापसाची काळी जमीन या काळात पाणी धरून फुगते, चिकट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. परिणामी खोड तळाशी काळे पडून कुजते. त्यामुळे काळ्या मातीत थेट लावणी टाळावी. घाटावर सहज मिळणारा मुरूम, जाड वाळू व कुजलेले शेणखत समभाग घेऊन त्यात थोडी माती मिसळावी. जमिनीत लावायचे झाल्यास १५–२० सेंमी. उंचीचा वाफा करावा. कुंडीच्या तळाशी भोक मोकळे असावे व त्यावर खापराचे तुकडे ठेवावेत.

घाटाखाली दुसरी अडचण पाण्याची. पूर्णा खोऱ्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी सतत घातल्यास मातीत क्षार साठतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. अशा ठिकाणी शक्य तर साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. ते पुरेसे नसल्यास पावसाळ्यात कुंडी काही वेळा भरपूर पावसात ठेवून क्षार निचरून जाऊ द्यावेत. मात्र त्यानंतर ती आडोशाला आणावी.

पाणी देण्याचा नियम सोपा आहे : वरची दोन-तीन सेंमी. माती कोरडी झाल्यावर भरपूर पाणी द्यावे व पुन्हा कोरडी होऊ द्यावी. उन्हाळ्यात आठवड्यातून साधारण दोनदा, हिवाळ्यात एकदा पुरते. पावसाळ्यात उघड्यावरील झाडाला बहुधा मुळीच लागत नाही. सकाळचे ऊन हवे. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली पारा ४२° से. च्या वर जातो तेव्हा दुपारचे ऊन टाळावे. कडुनिंबाच्या विरळ सावलीत झाड चांगले राहते. अति उन्हाने पाने लालसर होतात. सावलीत नेल्यावर ती पुन्हा हिरवी होतात. बहर संपल्यावर फुलोऱ्याचे दांडे छाटावेत म्हणजे खालून नवे फुटवे येतात.

अभिवृद्धीसाठी पूर्ण वाढलेले निरोगी पान ओलसर वाळूवर पसरून ठेवावे. ते पुरू नये. रोपांना दोन-तीन पानांच्या जोड्या आल्यावर ती वेगळी लावावीत. खोडाचे तुकडेही लागतात; मात्र लावण्यापूर्वी छेद दोन दिवस सुकू द्यावा.

रोग व किडी फार नाहीत. दाट लागवडीत भुरी पडते. कोवळ्या शेंड्यांवर मावा, पेरांवर पिठ्या ढेकूण आढळतो. साबणाच्या पातळ पाण्याने पाने पुसल्यास तो आटोक्यात येतो. पानात पोकळ, पारदर्शक वाटा दिसल्यास ते काम बहुधा टॅलिकाडा निसियस या लहान फुलपाखराच्या अळीचे असते. ही अळी पानाच्या दोन त्वचांमध्ये राहून गर खाते. काळे पंख व मागील पंखावरील नारिंगी पट्टा यांमुळे हे फुलपाखरू सहज ओळखू येते. कलांचो व तत्सम वनस्पतींवरच त्याची वाढ होत असल्याने थोडी पाने त्याच्यासाठी सोडण्यास हरकत नसते.

परंपरागत उपयोग : पान विस्तवावर किंचित शेकून गळू, सूज, मुकामार, भाजणे व कीटकदंश यांवर बांधण्याची पद्धत भारत, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथे आहे, ‘घायमारी’ व ‘जख्म-ए-हयात’ ही नावे त्यावरूनच पडली. रस आमांश व खोकल्यावर देतात. महाराष्ट्रात सर्वांत रूढ उपयोग मुतखड्यावरचा आहे : सकाळी अनशापोटी एक-दोन पाने चावून खातात. प्रयोगशाळेत या वनस्पतीच्या अर्काने जंतूंची वाढ व कॅल्शियम ऑक्झॅलेटाच्या स्फटिकांची निर्मिती मंदावल्याचे आढळले आहे. ब्राझीलमध्ये लेशमॅनिया या परजीवीवरील तिच्या परिणामाचा अभ्यास झाला आहे. परंतु काचपात्रातील स्फटिक व मूत्रनलिकेत अडकलेला खडा या भिन्न गोष्टी आहेत. लहान खडे पुष्कळदा भरपूर पाणी पिण्यानेच आपोआप पडतात आणि त्याचे श्रेय पानाला मिळते.

नामसाम्यानेही घोटाळा होतो. चरकसंहितेतील मूत्रविरेचनीय द्रव्यांत ‘पाषाणभेद’ आहे. आज त्याचे मान्य मूळद्रव्य म्हणजे हिमालयातील बर्जेनिया लिग्युलाटा या वनस्पतीचा मूलस्तंभ होय. ‘पत्थरचट्टा’ या नावामुळे पानफुटीही त्याच नावाने खपते. पण दोन्ही वनस्पतींची कुले, रासायनिक घटक व गुणधर्म भिन्न आहेत. एकीविषयीचे ग्रंथोक्त प्रमाण दुसरीला लावता येत नाही.

विषारीपणा : पानफुटीत बुफाडायइनोलाइडे या गटातील संयुगे असतात. डिजिटॅलिसाप्रमाणे ती हृदयाच्या स्नायूंतील सोडियम-पोटॅशियम यांचे वहन रोखतात. ऑस्ट्रेलियात या प्रजातीतील अनेक जाती खाऊन गुरे दगावली आहेत. फुलोरे विशेष विषारी असतात. म्हणून छाटलेले दांडे व पाला गोठ्याकडे अथवा शेळ्यांपुढे टाकू नये. हृदयविकारावर डिजॉक्सिन घेणारे रुग्ण, गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना रस देऊ नये. कंबरेतील कळेबरोबर थंडीताप असल्यास, लघवी अडल्यास वा तीत रक्त दिसल्यास घरगुती उपायात दिवस घालविणे धोक्याचे ठरते. अडलेल्या मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला तर मूत्रपिंड थोड्या अवधीत कायमचे निकामी होऊ शकते.

बागेबाहेर टाकलेले प्रत्येक पान हे संभाव्य रोप असते, हेही ध्यानात ठेवणे इष्ट. २०२० मध्ये रामसर क्षेत्राचा दर्जा मिळालेल्या लोणार सरोवराच्या परिसरात विलायती बाभळीने काय होते, ते दिसून आले आहे. ज्ञानगंगा व अंबाबरवा या अभयारण्यांच्या कडेच्या गावांनीही छाटणीचा कचरा ओढ्यात किंवा रानात न टाकता उन्हात कडक वाळवून खड्ड्यात पुरावा. तथापि अर्धवट सुकलेले पानही पुन्हा फुटते. तेव्हा ते पुरते वाळल्याची खात्री करूनच पुरावे.