ऊन एकच हात निवडत नाही

मे महिन्यात नागपुरात माणसाला काहीही झालं की दोष उन्हाला. हातातला चहाचा कप सुटला, दहा मिनिटं जीभ जड झाली, तर घरचे म्हणतात, "ऊन लागलं." कांदा, कैरीचं पन्हं, तासाभरात माणूस ठणठणीत आणि विषय संपला. पण ऊन एकच हात निवडत नाही. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका डोळ्यापुढे पडदा पडून पुन्हा दिसू लागणं हा मिनी स्ट्रोक असू शकतो. त्यानंतर मोठ्या लकव्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वांत जास्त. म्हणून मेडिकल, मेयो, एम्स, जे रुग्णालय जवळ असेल ते त्याच दिवशी गाठावं, बरं वाटत असलं तरी.

यामागचं एक कारण मानेत असतं: तिथल्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर साचतो. त्यावरची गुठळी सुटून मेंदूत अडकते, खरा घात तो. उजवी नस तुंबली तर डावा हात जातो. डोळा मात्र उजवाच. नुसत्या चकरेचं कारण बहुधा कानात किंवा बीपीत सापडतं, या नसेत क्वचितच.

ही नस तपासणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीला सुई नाही की भूल नाही, म्हणून चेकअपच्या पॅकेजात ती सर्रास घुसवतात. काहीच त्रास नसलेल्यांनी सरसकट ती करू नये, असं अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने 2021 मध्येही बजावलं. उगाच रिपोर्टवर नस '60 टक्के' अरुंद असल्याचं छापून येतं आणि घराची झोप उडते.

ऑपरेशन नुसत्या टक्क्यांवर ठरत नाही. लक्षणं दिसलेल्या आणि नस 70 ते 99 टक्के अरुंद झालेल्या रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1991 मध्ये आले: नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक 26 टक्क्यांना, नस उघडून थर खरवडून काढल्यावर 9 टक्क्यांना. हे ऑपरेशन लक्षणं दिसल्यापासून शक्यतो दोन आठवड्यांत व्हावं. आणि 100 टक्के बंद? ती नस सहसा उघडतच नाहीत, कारण गुठळी वर जायला वाटच उरलेली नसते.

"चिरफाड नको, स्टेंट टाका," असा आग्रह नातेवाईक धरतात. सत्तरीपुढे स्टेंट टाकताना स्ट्रोकचा धोका ऑपरेशनपेक्षा जास्त असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. यातलं काहीही केलं तरी ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी, स्टॅटिन आणि बीपीचं औषध सुटत नाही. सुटायला हवी ती बिडी-सिगारेट, आणि आपल्याकडे अर्थातच खर्र्याची पुडी.